पक्षाघात आणि रक्तशर्करा

पक्षाघाताचा झटका आल्यानंतर रुग्णाच्या रक्तातील शर्करेचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक आढळते, त्या अवस्थेस पक्षाघातोत्तर अतिशर्करा म्हणतात. मराठवाड्यात पक्षाघातास 'लकवा' म्हणतात, किंवा 'अंगावरून वारे गेले' असे बोलले जाते. या वाक्प्रचारामुळे विकार हातापायांचा वाटतो. प्रत्यक्षात तो मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा असतो.

कारणे

अतिशर्करा दोन प्रकारे उद्भवते. काही रुग्णांना आधीपासून मधुमेह असतो, पण पुष्कळांना तो झटक्यानंतरच्या तपासणीत प्रथम कळतो. इतरांमध्ये शरीरावरील ताणामुळे कॉर्टिसॉल व ॲड्रिनॅलिन ही संप्रेरके वाढतात आणि यकृतातील साखर रक्तात उतरते. हा भेद मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीने बऱ्याच अंशी स्पष्ट होतो. मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखर तात्पुरती वाढली तरी ती दुर्लक्षणीय नसते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा रुग्णांतील अल्पकालीन मृत्यूचा धोका सुमारे तिपटीने अधिक आढळला होता.

मेंदूवरील परिणाम

गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटलेल्या भागाच्या कडेला काही पेशी अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असतात. प्राणवायू अपुरा आणि साखर मुबलक अशा स्थितीत तेथे लॅक्टिक अम्ल साचते व वाचू शकणाऱ्या पेशीही दगावतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीही दुबळ्या होतात. त्यामुळे गुठळी विरघळविणारे औषध दिल्यावर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

उपचार

साखर अपायकारक आहे, तर ती झपाट्याने उतरवावी, असे सहज वाटते. अमेरिकेतील 'शाइन' या चाचणीत (२०१९) १,१५१ रुग्णांवर हेच पडताळण्यात आले. एका गटाची साखर शिरेतून इन्सुलिन देऊन ८० ते १३० मि.ग्रॅ./डे.लि. इतकी, तर दुसऱ्याची १८०च्या खाली ठेवण्यात आली. ९० दिवसांनी चांगली प्रगती अनुक्रमे २०.५ व २१.६ टक्के रुग्णांत दिसली; म्हणजे कडक नियंत्रणाचा लाभ झाला नाही. उलट साखर घातक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रकार केवळ त्याच गटात (२.६ टक्के) घडले. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत साखर १४० ते १८० दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे.

साखर फार कमी झाल्यानेही बोबडी वळणे, एक बाजू लुळी पडणे अशी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात. ग्लुकोज मिळताच ती बहुधा ओसरतात. यासाठी गुठळीवरील औषधाआधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहणे अनिवार्य मानले जाते.

नांदेड व लातूर परिसर

गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यापूर्वी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. किनवट किंवा माहूरहून विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. उदगीर, निलंग्याच्या रुग्णांनाही लातूर गाठावे लागते. तेलमालीश किंवा गावठी उपायांत सकाळ गेली की ही वेळ टळते. '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे.

घरची मंडळी मायेपोटी रुग्णाला गोड चहा किंवा नारळपाणी पाजतात. यात दुहेरी धोका असतो: साखर वाढते, आणि गिळण्याची क्रिया बिघडली असल्यास द्रव श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे पाणीसुद्धा देत नाहीत. ऑस्ट्रेलियात ताप, साखर व गिळणे या तिन्हींकडे परिचारिकांनी ठरावीक पद्धतीने लक्ष दिल्यावर ९० दिवसांनंतरचे मृत्यू व परावलंबन घटले, असे २०११ च्या एका अभ्यासात दिसून आले.

घरी परतल्यानंतर

हालचाल मंदावल्याने व आहार बदलल्याने साखरेची पातळी पुन्हा हलते. पूर्वीची गोळी तशीच चालू ठेवणे नेहमीच योग्य ठरत नाही. जेवण टाळून गोळी घेतल्यास साखर एकदम उतरते. ज्याला नीट बोलता येत नाही, अशा रुग्णाचा घाम व थरथर घरच्यांनाच ओळखावी लागते. व्यायामोपचाराच्या दिवशी न्याहारीची वेळ सांभाळणे त्यामुळे महत्त्वाचे असते.