विश्लेषण : ३० वर्षांपूर्वीचा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ आजही का खेळला जातो? आणि खेळताना डोके का फिरते?

एक शहर संगणक चालवतो. कुणी कुठे राहायचे, कोणत्या लिफ्टने कुठल्या मजल्यापर्यंत जायचे, हे ओळखपत्रावरची नोंद ठरवते. नोंद बंद झाली की माणूस आपल्याच घराबाहेर. वर्णन आजचे वाटत असले तरी हे जग १९९४ सालच्या एका ब्रिटिश व्हिडीओ गेममधले आहे. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा त्याचा नाव. हा गेम आज मोफत आहे, अँड्रॉइड फोनवर चालतो आणि त्यात एकही जाहिरात नाही. मग तो लगेच डाउनलोड करावा का? त्याआधी त्याची बलस्थाने आणि डोकेदुखी, दोन्ही समजून घेऊ या.

पॉइंट-अँड-क्लिक गेम म्हणजे काय?

या प्रकारात गोळीबार नसतो आणि वेगाने बटणे दाबायची गरजही फारशी नसते. पडद्यावर एक चित्र असते. त्यातल्या वस्तूवर क्लिक केले की नायक ती बघतो, उचलतो किंवा वापरतो. माणसावर क्लिक केले की संवाद सुरू होतो. गोळा केलेल्या वस्तू योग्य ठिकाणी वापरून कोडी सोडवायची आणि कथा पुढे न्यायची, एवढाच मामला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संगणकावर या गेमचा सुवर्णकाळ होता. सिएरा आणि लुकासआर्ट्स या अमेरिकी कंपन्या त्यात आघाडीवर होत्या. त्यांच्यासमोर इंग्लंडमधल्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने हा विज्ञानकथेचा डाव मांडला.

गेमची कथा काय आहे?

भविष्यातला ऑस्ट्रेलिया. प्रदूषण आणि युद्धांनी जमीन उजाड झालेली. शहरांबाहेरच्या ओसाड भागाला ‘गॅप’ म्हणतात. हेलिकॉप्टर अपघातातून वाचलेला रॉबर्ट नावाचा लहान मुलगा तिथल्या एका टोळीला सापडतो. ‘फोस्टर’ हे आडनाव त्याला टोळीच देते आणि त्यामागे बिअरच्या एका डब्याचाही हात असतो. मुलगा मोठा होतो, यंत्रे दुरुस्त करायला शिकतो आणि जॉय नावाचा बोलका रोबो तयार करतो.

एके दिवशी युनियन सिटीचे सशस्त्र शिपाई येतात, वस्ती उद्ध्वस्त करतात आणि फोस्टरला पकडून नेतात. शहरात पोहोचताना त्यांचे हेलिकॉप्टर कोसळते. फोस्टर निसटतो. आपल्याला का पकडले आणि ‘लिंक’ नावाचा शहर चालवणारा संगणक नेमका काय आहे, याचा शोध म्हणजे हा गेम. शेवट इथे सांगत नाही.

त्याचे वेगळेपण कशात आहे?

*पहिली गोष्ट, चित्रे.* ‘वॉचमेन’ या गाजलेल्या कॉमिकचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी या गेमसाठी काम केले. सुरुवातीची कथा कॉमिकच्या चौकटींतूनच उलगडते. गंजलेले पाइप, धुरकट आकाश, कारखान्यांचे सांगाडे पाहून हे शहर खरोखर कुणीतरी आराखडा काढून बांधले असावे, असे वाटते.

*दुसरी गोष्ट, उलटे शहर.* आपल्याकडे टॉवरमध्ये जितका वरचा मजला तितका भाव जास्त. युनियन सिटीत उलट आहे. वर कारखाने, धूर आणि कामगार, तर सगळ्यात खाली बाग, निवांत रस्ते आणि श्रीमंत. फोस्टर वरून खाली उतरत जातो, तसतसे शहराचे खरे रूप दिसू लागते. वर्गभेदावर एकही भाषण न देता गेम तो नकाशातून दाखवतो.

*तिसरी गोष्ट, जॉय.* त्याचे सगळे व्यक्तिमत्त्व एका सर्किट बोर्डात आहे. बोर्ड काढायचा, दुसऱ्या रोबोच्या सांगाड्यात बसवायचा, की जॉय नव्या शरीरात हजर. पहिले शरीर त्याला अजिबात पसंत पडत नाही आणि तो ते वारंवार बोलून दाखवतो. नायक आणि रोबो यांची ही चकमक हा गेमचा सर्वात जिवंत भाग आहे.

‘व्हर्च्युअल थिएटर’ हे काय प्रकरण?

त्या काळच्या बहुतेक गेममध्ये इतर पात्रे एका जागी खिळलेली असत. तुम्ही जाऊन बोलेपर्यंत ती हलत नसत. रिव्होल्यूशनने ‘व्हर्च्युअल थिएटर’ नावाची प्रणाली बनवली. १९९२ च्या ‘लुअर ऑफ द टेम्प्ट्रेस’ या त्यांच्या पहिल्या गेममध्ये ती आधी वापरली गेली. तिच्यात पात्रांना स्वतःचा दिनक्रम असतो. कुणी कारखान्यात फेऱ्या मारतो, कुणी दुसऱ्या खोलीत निघून जातो. तुम्ही काही करा किंवा करू नका, शहर आपल्या गतीने चालू राहते.

आज मोठ्या गेममध्ये हे सर्रास दिसते. पण काही एमबी मेमरीच्या संगणकावर १९९४ मध्ये हे करून दाखवणे ही अभियांत्रिकीची कमाल होती. मात्र याच कमालीची किंमत खेळणाऱ्याला मोजावी लागते. ती पुढे पाहू.

खेळताना चीड कुठे येते?

* बारीक वस्तू : मूळ चित्र ३२० × २०० पिक्सेलचे, म्हणजे एकूण ६४ हजार ठिपक्यांचे आहे. साडेसहा इंची फोन आडवा धरला, तर त्यातली चार-पाच पिक्सेलची वस्तू जेमतेम दीड मिलिमीटरची दिसते. बोटाचे टोक त्याच्या कितीतरी पट रुंद. त्यामुळे कोडे सुटत नाही, तेव्हा अनेकदा डोके कमी पडलेले नसते, वस्तूच दिसलेली नसते.

* वाट पाहणे : पात्रे आपल्या मर्जीने फिरतात, म्हणून हवे ते पात्र हवे तिथे नसते. आपण उत्तर शोधलेले असते, पण समोरचा माणूस परत येईपर्यंत ताटकळावे लागते. कधी तो आल्यावरही योग्य क्षण हुकतो.

* तर्काच्या उड्या : काही कोडी अगदी सरळ आहेत. दातेरी चाकांत पाना अडकवला की यंत्र थांबणार, हे कुणालाही सुचेल. पण एका प्रसंगात पहारेकऱ्याचे लक्ष विचलित करायचे असते. त्यासाठी श्रीमंत बाईच्या कुत्र्याला मांजरीच्या व्हिडीओत गुंतवून त्याची बिस्किटे पळवायची, ती बागेतल्या फळीवर ठेवायची आणि कुत्रा तिथे आला की त्याला तळ्यात उडवायचे! सुटल्यावर हसू येते. सुटेपर्यंत मात्र प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर घासून पाहण्याची वेळ येते.

* अचानक मृत्यू : लुकासआर्ट्सच्या अनेक गेममध्ये नायक सहसा मरत नाही. इथे चुकीच्या ठिकाणी चुकीच्या वेळी गेलात तर फोस्टर मरतो. सेव्ह केले नसेल तर मागचे सगळे पुन्हा करा.

* सूर बिघडतो : सुरुवातीला माणसे मारली जातात आणि थोड्याच वेळात विनोदी टोमणे सुरू होतात. आवाजांचेही तसेच. कथा ऑस्ट्रेलियातली, नायक अमेरिकी ढंगात बोलतो आणि आसपासचे बरेच जण ब्रिटिश ढंगात.

* संगणकाच्या आतला भाग : पुढे फोस्टर ‘लिंक’च्या आभासी जगात शिरतो. कल्पना भारी आहे, पण तिथली चित्रे कोरडी आहेत आणि कोडी एकसुरी. शहराची मजा तिथे हरवते.

मग या गेममधला खरा प्रश्न कोणता?

लँब नावाचा एक कारखाना-पर्यवेक्षक आहे. फुशारक्या मारणारा आणि कामगारांशी तुसडेपणाने वागणारा. दुसऱ्याचे ओळखपत्र फोस्टरच्या हाती लागते, तेव्हा त्याच्या जोरावर यंत्रणेत शिरून आपण लँबची नोंद बंद करू शकतो. त्यासाठी दोन-चार क्लिक पुरतात. पुढच्याच क्षणी लँबसाठी लिफ्ट उघडत नाही, त्याला घरी जाता येत नाही. बिचारा घरातल्या मांजरीला खायला घालण्याची विनवणी आपल्यालाच करतो.

कोडे सुटले म्हणून आपण खूश असतो. पण जी यंत्रणा फोस्टरच्या मागे लागली आहे, तेच हत्यार आपण दुसऱ्यावर चालवलेले असते. गेम त्यावर उपदेश करत नाही, गुणही कापत नाही. एका माणसाचे आयुष्य नोंदीच्या एका रकान्यावर टांगलेले असेल, तर तो रकाना कुणाच्या हाती आहे आणि चूक झाली तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न मात्र डोक्यात राहतो. बँकेपासून रेशनपर्यंत सगळे ओळख क्रमांकांवर चालण्याच्या काळात तो १९९४ पेक्षा आज जास्त जवळचा वाटतो.

एवढा जुना गेम फोनवर चालतो कसा?

याचे श्रेय ‘स्कमव्हीएम’ या स्वयंसेवी प्रकल्पाला. २००१ मध्ये लुकासआर्ट्सचे जुने गेम चालवण्यासाठी तो सुरू झाला. तो जुन्या संगणकाची नक्कल करत नाही. गेमचे इंजिन तो नव्याने लिहितो आणि मूळ चित्रे, आवाज, संवादांच्या फाइल वाचून खेळ चालवतो. म्हणूनच तोच गेम विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर सारखा चालतो.

रिव्होल्यूशनने आपला मूळ सोर्स कोड या प्रकल्पाला दिला आणि २००३ मध्ये गेम सर्वांसाठी मोफत केला. जुने गेम अनेकदा हक्कांच्या वादात किंवा कपाटात पडून नाहीसे होतात. हा वाचला, कारण बनवणाऱ्यांनी वेळेवर कुलूप उघडले. त्याचा फायदा त्यांनाही झाला. गेमची आठवण टिकून राहिली आणि २०२० मध्ये ‘बियॉन्ड अ स्टील स्काय’ हा पुढचा भाग आला.

खेळायचा असेल तर काय लक्षात ठेवावे?

१. प्ले स्टोअरवरून स्कमव्हीएम घ्या. गेमच्या फाइल त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळतात. संगणकावर खेळायचे असेल तर जीओजी आणि स्टीमवरही तो मोफत आहे.

२. या गेममध्ये डाव्या क्लिकने वस्तू बघायची आणि उजव्या क्लिकने वापरायची असते. फोनवर दोन बोटांनी टॅप केले की उजवी क्लिक होते. हे माहीत नसल्याने अनेक जण पहिल्याच दृश्यात अडकतात.

३. जमल्यास ब्लूटूथ माउस किंवा टॅबलेट वापरा. बारीक वस्तूंचा निम्मा त्रास संपतो.

४. प्रत्येक नव्या खोलीत शिरण्याआधी सेव्ह करा.

५. अर्धा तास अडकलात तर इंटरनेटवर एक इशारा बघा, पूर्ण उत्तर नको. यात कमीपणा नाही.

६. संवाद इंग्रजीत आहेत, मराठी भाषांतर नाही. उपशीर्षके सुरू ठेवा. हिंसा आणि काही प्रौढ विनोद असल्याने लहान मुलांच्या हाती देऊ नका.

थोडक्यात

गेम चार-पाच संध्याकाळी पुरतो. त्यातली एक संध्याकाळ नक्कीच चिडचिडीत जाईल. मात्र हा गेम दर दोन मिनिटांनी पैसे मागत नाही, नोटिफिकेशन पाठवून परत बोलावत नाही आणि संपला की खरोखर संपतो. फोनवरच्या खेळांकडून एवढीही अपेक्षा उरली नसेल, तर निदान पहिला तासभर युनियन सिटीत घालवून पाहा. पुढे जायचे की नाही, हे जॉयचे पहिले दोन-चार टोमणे ऐकल्यावर आपोआप ठरेल.