सोबत आलेली रुग्ण

बालरोगतज्ज्ञाने स्त्रियांच्या हृदयविकारावर लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु लहान मूल दवाखान्यात कधीच एकटे येत नाही. त्याला कडेवर घेऊन आई येते, नाही तर आजी येते. त्यांच्याकडे मी पुरेसे पाहत नव्हतो, याची जाणीव मला माझ्याच एका चुकीने करून दिली.

काही वर्षांपूर्वी साठीच्या घरातल्या एक काकू नातवाचा खोकला दाखवायला आल्या. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर. खुर्चीत बसल्यावर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. कपाळावर घाम होता. नातवाला तपासून झाल्यावर निघता निघता म्हणाल्या, "डॉक्टर, दोन दिवस झाले, घबराहट होतेय. छातीत जळजळतं, पाठ भरून येते. पित्ताची एखादी गोळी असली तर द्या." मी गोळी लिहून दिली. काकूंना मधुमेह आहे, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. हृदयविकाराचा झटका होता. त्या वाचल्या, पण हृदयाच्या स्नायूचा बराच भाग निकामी झाला आणि माझा जिना त्या पुन्हा चढू शकल्या नाहीत. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. तो मी स्वतःच स्वतःला देत आलो आहे.

हृदयविकार हा पुरुषांचा रोग, ही समजूत आपल्या मनात फार खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः जगभर स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नाडीन हीली यांनी १९९१ साली या वृत्तीवर नेमके बोट ठेवले. आपला रोग पुरुषांइतकाच गंभीर आहे हे स्त्रीने सिद्ध केल्यानंतरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात, असे त्यांचे म्हणणे होते.

स्त्रियांमध्येही छातीतील त्रास हेच झटक्याचे सर्वांत अधिक आढळणारे लक्षण आहे. मात्र त्याला 'दुखणे' म्हणतीलच असे नाही. दडपण, जळजळ, आवळल्यासारखे वाटणे अशा शब्दांत तो सांगितला जातो. आपल्या इंदुरात मराठी बोलतानाही 'घबराहट' हा शब्द येतो, आणि आपण डॉक्टर मंडळी त्याचा अर्थ मनाची अस्वस्थता असा लावून मोकळे होतो. त्याच्या जोडीला धाप, मळमळ, थंड घाम, जबडा, मान किंवा पाठीतील वेदना आणि कारण न सापडणारा थकवा ही लक्षणे स्त्रियांत अधिक दिसतात. दीर्घकाळ मधुमेह असल्यास मज्जातंतू बधिर होऊन वेदना मुळीच जाणवत नाही, असेही घडते.

रजोनिवृत्तीनंतर हा धोका वाढत जातो. मधुमेह आणि तंबाखू, मग ती मिश्रीच्या रूपात का असेना, तरुण वयातही संरक्षण हिरावून घेतात. काही स्त्रियांत दोष मोठ्या वाहिन्यांत नसून अतिसूक्ष्म वाहिन्यांत असतो. अशा वेळी अँजिओग्राफीत अडथळा दिसत नाही. म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

बालरोगतज्ज्ञांना आणि घरच्यांना विशेष सांगावेसे वाटते ते बाळंतिणीविषयी. गरोदरपणाचा शेवटचा महिना ते प्रसूतीनंतरचे पाच महिने या काळात काही स्त्रियांच्या हृदयाचा स्नायू दुर्बल होतो. आडवे झाल्यावर दम लागणे, रात्री धाप लागून उठून बसावे लागणे, पायांवर सूज वाढणे ही त्याची चिन्हे होत. घरात मात्र ती जागरण आणि बाळंतपणाच्या अशक्तपणात जमा होतात. शिवाय गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने गेली असतील, तर पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो. गरोदरपणातील मधुमेहही असाच इशारा देऊन जातो. प्रसूतीनंतर ते कागद कपाटात जातात, ते जाऊ देऊ नयेत.

वर सांगितलेली लक्षणे एकाएकी उद्भवली आणि काही मिनिटांत ओसरली नाहीत, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "सगळ्यांची जेवणं उरकू दे, मग जाऊ," असे घरातली स्त्री म्हणेल. तिचे ऐकू नये. रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे. पहिला ईसीजी निर्दोष असला तरी झटका नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. तो पुन्हा काढावा आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासावे. माझ्या व्यवसायबंधूंना हे ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते.

आता माझ्या टेबलावर मोठ्यांचा रक्तदाब मोजण्याचा पट्टाही असतो. लसीकरणासाठी बाळ आले की त्याचे वजन घेतल्यावर मी आईला विचारतो, "आणि तुमचं कसं आहे? रात्री नीट झोपता येतं ना, आडवं पडून?" बहुतेक जणी हसून "बरं आहे" म्हणतात. एखादी थांबते, बाळाचे झबले सारखे करते आणि मग बोलू लागते. तिच्या त्या बोलण्यासाठी दोन मिनिटे राखून ठेवावीत, एवढीच माझ्या व्यवसायबंधूंना आणि प्रत्येक घरातील मुलग्यांना, सुनांना व यजमानांना विनंती आहे.