पाच कार्बनांची शेपटी

रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘पेंटिल सायनोबायफिनिल’ आणि प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलण्यात ‘५-सीबी’ अशा दोन नावांनी ओळखला जाणारा एक पदार्थ आहे. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली तो पांढरा स्फटिक असतो. त्याच्या वर तो वितळतो आणि तेलासारखा वाहू लागतो, पण दिसतो दुधाळ. ३५ अंशांच्या पुढे गेला की अंशाच्या एखाद्या भागातच सगळा गढूळपणा जातो आणि पाण्यासारखा नितळ द्रव उरतो. मधल्या अकरा अंशांत त्याचा थेंब दोन काचांमध्ये दाबून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर उजळ पार्श्वभूमीवर काळे, वळणदार पट्टे दिसतात. ठिकठिकाणी दोन किंवा चार पट्टे एका बिंदूत येऊन मिळतात. साध्या द्रवात असे काही दिसत नाही, तिथे नुसता अंधार असतो. हा द्रवस्फटिक. त्याचे रेणू द्रवासारखे इकडून तिकडे सरकतात, पण सरकताना सगळे साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात. कॅल्क्युलेटरच्या काळ्या आकड्यांपासून भिंतीवरच्या टीव्हीपर्यंत या अवस्थेने जे शक्य केले, त्याचे श्रेय बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सच्या खात्यावर जमा होते. मला ते अपुरे वाटते. रेणूच्या बांधणीवरून पदार्थाचे गुण ओळखण्याची विद्या आधी तयार झाली नसती, तर हे पडदे प्रयोगशाळेच्या टेबलावरच राहिले असते.

ही विद्या सहजासहजी आली नाही. १८८८मध्ये प्राग इथले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्झर गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगांवर काम करत होते. कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा ‘वितळून’ स्वच्छ झाले. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू ही त्या काळच्या रसायनशास्त्राला न पटणारी गोष्ट होती. राइनित्झर यांनी नमुने जर्मनीतले भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांच्याकडे पाठवले. लेमान यांच्याकडे पदार्थ तापवत तापवत पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता, आणि हे वाहणारे स्फटिकच आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. गुस्टाव्ह टामान यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने मात्र हा अशुद्ध पदार्थ आहे, दोन द्रवांचे न मिसळलेले मिश्रण आहे, असा आक्षेप घेतला. आक्षेप निराधार नव्हता, कारण गढूळपणाचे ते सर्वांत साधे कारण असू शकते. त्याला खरे उत्तर हाल्ले विद्यापीठातल्या डानिएल फोरलेंडर यांच्या कामातून मिळाले. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकामागून एक संयुगे तयार केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच नियम मांडला: रेणू जितका सरळ आणि लांब, तितकी ही अवस्था मिळण्याची शक्यता जास्त. गढूळपणा मिश्रणामुळे येत असता, तर तो रेणूच्या आकाराचे इतके काटेकोर ऐकला नसता.

‘सरळ आणि लांब’ एवढ्यावर मात्र भागत नाही. हेक्झाडेकेन हा सोळा कार्बनांचा हायड्रोकार्बन घ्या. ताणून धरला तर त्याची लांबी ५-सीबीइतकीच, सुमारे दोन नॅनोमीटर भरते. तरी १८ अंशांना तो वितळतो तो थेट नितळ द्रव होऊन, कारण त्याची साखळी प्रत्येक बंधाशी वळते आणि द्रवात ती सरळ राहतच नाही. दुसऱ्या टोकाला पाच बेंझीन वलये एका रेषेत जोडलेला क्विंकफिनिल आहे. तो ताठ आहे, द्रवस्फटिकही होतो, पण चारशे अंशांच्या आसपास. हे ताठ रेणू स्फटिकात इतके घट्ट बसतात की लवकर सुटतच नाहीत. म्हणजे एकाच रेणूत दोन परस्परविरोधी गोष्टी लागतात: दिशा टिकवणारा ताठ गाभा आणि स्फटिकाची बैठक विस्कटणारी लवचिक शेपटी. गाभा जास्त झाला तर पदार्थ भट्टीत घालावा लागतो, शेपटी जास्त झाली तर दिशा हरवते. हा तोल साधणे हेच या क्षेत्रातले खरे कसब आहे.

ते कसब अंगी बाणवलेला माणूस म्हणजे जॉर्ज ग्रे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले ग्रे १९४७पासून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल इथे शिकवत होते. व्यवहारात कुणालाही नको असलेल्या या पदार्थांवर त्यांनी वर्षानुवर्षे पद्धतशीर काम केले. रेणूचा एकच भाग बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे आणि तापमानांची नोंद करायची. बाजूला क्लोरीन लावला तर रेणू रुंद होतो आणि अवस्था किती अंशांनी खाली येते, साखळीत एक कार्बन वाढवला तर काय होते, असे हे काम होते. १९६२मध्ये त्यांनी हे सारे एका पुस्तकात मांडले. त्याचे नावच मुळी रेणूंची रचना आणि द्रवस्फटिकांचे गुण असे आहे. १९७०मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने सपाट पडद्यांसाठी पदार्थ शोधण्याचे काम दिले, तेव्हा ग्रे यांच्याकडे उत्तर तयार नव्हते, पण प्रश्न कुठे अडला आहे हे त्यांना अचूक कळत होते. तोवरच्या बहुतेक द्रवस्फटिकांत दोन वलयांच्या मध्ये एक जोडदुवा असे. १९६९मध्ये जर्मनीत तयार झालेला एमबीबीए खोलीच्या तापमानाला चालत असे, पण त्याचा कार्बन-नायट्रोजन दुवा हवेतल्या ओलाव्याने तुटे. इतर दुवे पिवळे पडत किंवा प्रकाशाने बिघडत. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुवाच काढून टाकला. दोन वलये थेट एकमेकांना जोडली, एका टोकाला सायनो गट बसवला आणि दुसऱ्या टोकाला पाच कार्बनांची शेपटी लावली. नुसते बायफिनिल ६९ अंशांना वितळते आणि द्रवस्फटिक होत नाही. या दोन टोकांनी ते झाले. रंगहीन, पाण्याला दाद न देणारा हा पदार्थ १९७३मध्ये प्रसिद्ध झाला.

शेपटी पाचच कार्बनांची का? कारण ही साखळी मोजूनमापून वागते. ही अवस्था संपण्याचे तापमान पाच कार्बनांना ३५ अंश, सहांना २९, सातांना सुमारे ४३ आणि आठांना ४० असे खालीवर होते. विषम क्रमांकाचा कार्बन रेणूच्या लांबीच्या दिशेने जोडला जातो, सम क्रमांकाचा तिरका जातो. म्हणून विषम शेपटी रेणू लांबवते आणि सम शेपटी त्याला किंचित बाजूला वाकवते. आठव्या कार्बनाशी तर नवेच घडते. ३३ अंशांच्या खाली रेणू दिशा तर पाळतातच, शिवाय थरांत बसतात. थराची जाडी मात्र एका रेणूइतकी नसते, साधारण १.४ रेणूंइतकी असते, कारण शेजारचे रेणू आपापली सायनो टोके उलटसुलट जुळवून जोडीने बसतात. पण २४ ते ३५ अंशांत चालणारे घड्याळ नागपूरच्या मे महिन्यात काय कामाचे? इथे माल्व्हर्नच्या सरकारी प्रयोगशाळेतले पीटर रेन्स पुढे आले. वेगवेगळ्या लांबीचे रेणू एकमेकांच्या स्फटिकात नीट बसत नाहीत, त्यामुळे मिश्रण उशिरा गोठते. कोणते पदार्थ किती घ्यायचे याचे गणित मांडून त्यांनी चार घटकांचे ‘ई-७’ तयार केले. त्यात अर्धा भाग ५-सीबी, आणि तापमानाचा पल्ला सुमारे उणे १० ते ६० अंश.

यावर भौतिकशास्त्रज्ञ म्हणतील की पडदा चालतो तो १९७१मध्ये शाड्ट आणि हेल्फ्रिश यांनी जाहीर केलेल्या पिळाच्या युक्तीवर: दोन काचांमध्ये रेणूंची दिशा ९० अंशांनी वळवत न्यायची, प्रकाशही तिच्याबरोबर वळतो, आणि विद्युतदाब दिला की पीळ सुटून ती जागा काळी होते. हे खरे आहे, आणि ती युक्ती अप्रतिम आहे. पण दाब दिल्यावर रेणू विद्युतक्षेत्राच्या दिशेने उभे राहायला हवेत, आणि ते राहतात टोकाच्या सायनो गटामुळे. एमबीबीएला ही युक्ती जमत नाही, तो क्षेत्राला आडवा होतो. पुढे प्रत्येक ठिपक्यामागे ट्रान्झिस्टर आला, तेव्हा हाच सायनो गट अडचणीचा ठरला: तो आयनांना धरून ठेवतो आणि ठिपक्यावरचा विद्युतभार गळून जातो. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या जागी फ्लोरीन बसवला. यंत्राची मागणी बदलली की उत्तर दर वेळी रेणूत शोधावे लागले.

जास्त वजनाचा आक्षेप वेगळा आहे. फोरलेंडरचा नियम एवढा पक्का, तर १९७७मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांना सापडलेल्या पदार्थांचे काय? एका बेंझीन वलयाभोवती सहा शेपट्या, म्हणजे रेणू काडी नव्हे तर चकती. तरीही द्रवस्फटिक, चकत्यांचे एकावर एक उभे खांब असलेला. चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे एमएस्सी आणि सी. व्ही. रामन यांचे भाचे. १९९६मध्ये तर टोकियोत केळ्यासारख्या वाकलेल्या रेणूंनी नवे विद्युतगुण दाखवले. माझ्या मते यामुळे नियम मोडला नाही, रुंदावला. आकार कोणताही असो, तो एका दिशेला स्पष्टपणे वेगळा हवा, गाभा ताठ हवा आणि कडेला लवचिक साखळ्या हव्यात; चकती हे सगळे पाळते. एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. दुधाळपणा कधी जाईल याचा अंदाज रेणूवरून बऱ्यापैकी बांधता येतो, स्फटिक कधी वितळेल याचा फारसा नाही. म्हणूनच अजूनही नवे रेणू प्रत्यक्ष बनवून तपासावे लागतात आणि मिश्रणे करावी लागतात. चकत्यांनाही पुढे काम मिळाले. पिळाच्या पडद्याकडे तिरके पाहिले की चित्र फिके किंवा उलटे दिसे. त्यावर उपाय म्हणून जपानच्या फुजी कंपनीने चकतीसारख्या रेणूंचा पातळ थर दिलेली फिल्म काढली, आणि अशा पडद्यांत आत काड्यांचा द्रव आणि बाहेर चकत्यांची फिल्म अशी दोन्ही घराणी एकत्र काम करू लागली.