उतरलेल्या संघाची बक्षिसे

जिंकणाऱ्याच्या गळ्यात हार घालण्यास माणसे कधी कमी पडत नाहीत. चषक हाती आला की सत्कार होतात, मिरवणुका निघतात, छायाचित्रात शिरण्यासाठी पुढाऱ्यांची दाटी होते. हरलेल्याच्या दाराशी मात्र शुकशुकाट असतो. विलायतेत फुटबॉलचा संघ म्हणजे त्या त्या गावाचे जणू दैवतच. तेथे खालच्या श्रेणीत घसरलेल्या संघाचे चाहतेही हंगामाच्या अखेरीस आपली बक्षिसे ठरवितात. बुडत्या नावेत सर्वांत जास्त वल्ही कोणी मारली, सर्वांत लाजिरवाणा पराभव कोणता, कोणत्या एका संध्याकाळी आशा वाटली होती, याचा हिशेब मांडतात. त्यात थट्टा असते आणि रागही असतो. परंतु ज्याच्यावर आपला जीव नाही, त्याच्यावर माणूस इतक्या मनापासून रागावत नाही.

अशी बक्षिसे आमच्या गोमंतकातही एकदा वाटली जावयास हवी होती. २०१५ साली धेंपो स्पोर्ट्स क्लब आय-लीगमधून खालच्या श्रेणीत उतरला, तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस हळहळ झाली आणि विषय संपला. ते राहून गेलेले काम आज आम्ही करू इच्छितो, आणि त्यासाठी बैठक घालू इच्छितो ती डिचोली तालुक्यातील पाळी गावी.

पाळीच का, असे कोणी विचारील. धेंपो क्लबचे नाव निघाले की आज पणजी, नाही तर फातोर्ड्याचे मैदान डोळ्यांपुढे येते. पण या संघाचा जन्म डिचोलीचा. साठीच्या दशकात तो डिचोलीचा क्लब म्हणून दुय्यम श्रेणीत खेळत होता. पुढे धेंपो उद्योगसमूहाने त्यास हाती घेतले आणि आपले नाव दिले. गोव्यातील मोठे फुटबॉल संघ उभे राहिले ते बव्हंशी खनिजाच्या पैशावर, आणि ते खनिज निघाले पाळी, सुर्ल, पिसुर्ले, कोठंबी अशा गावांच्या डोंगरांतून. ट्रकांतून ते मांडवीच्या धक्क्यांवर गेले, बार्जींतून मुरगाव बंदरास पोहोचले. तांबडी धूळ या गावांच्या वाट्यास आली. चषक शहरांतल्या कपाटांत गेले. तरीही पाळीचा तरुण त्या संघाला आपला म्हणत आला. हा हक्क कागदावर कोठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो आम्हांस मोलाचा वाटतो.

बक्षिसे वाटण्यापूर्वी हा संघ किती उंचावरून खाली आला, ते ध्यानात घ्यावे. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा गोव्यात आले. एकदा ते साळगावकरने आणले, दोनदा चर्चिल ब्रदर्सने, आणि पाच वेळा एकट्या धेंपोने. पाचही वेळा प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. २००८ साली हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०११ च्या मे महिन्यात त्याने एअर इंडियावर चौदा गोल चढविले. २०११-१२ च्या हंगामात नायजेरियाच्या रँटी मार्टिन्स याने एकट्याने ३२ गोल केले. आणि त्या विजेतेपदाला अवघी तीन वर्षे होतात न होतात तोच हा संघ श्रेणीतून बाहेर फेकला गेला. क्रीडेच्या इतिहासात राजाचा रंक होण्यास फार वेळ लागत नाही.

आता बक्षिसे. पहिले निष्ठेचे. ते आम्ही क्लिफर्ड मिरांडा यास देतो. २००० साली तो या संघात आला. पाचही विजेतेपदे त्याने पाहिली आणि २०१५ च्या पडझडीतही त्याच्या अंगावर तोच शर्ट होता. भरल्या घरी पाहुणा म्हणून राहणे सोपे असते. घराचे वासे फिरले असतानाही जो उंबरठा सोडीत नाही, त्यालाच घरचा म्हणावे.

दुसरे बक्षीस प्रेक्षकाचे. त्याचे नाव आम्ही देत नाही, कारण तो एक नव्हे. पाळीहून उसगाव, फोंडा करीत मडगावास जाणारा, परतीची बस मिळेल की नाही याची खात्री नसताना नव्वद मिनिटे बसून राहणारा, आणि अंतर पडल्यावरही शेवटची शिटी होईपर्यंत न उठणारा असा हा माणूस. जिंकत्या संघाच्या सामन्याला गर्दी होते, हरत्या संघाच्या सामन्याला माणसे येतात. हा भेद ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती खेळाची सूत्रे गेली म्हणजे काय होते, ते पुढे येईलच.

तिसरे बक्षीस धैर्याचे, आणि ते सर्वांत मोठे. ते २०१५-१६ च्या धेंपो संघाचे. खाली उतरल्यावर या संघाने रडगाणे गायिले नाही. तो दुय्यम श्रेणीत खेळला, ती स्पर्धा त्याने जिंकली आणि आय-लीगमध्ये परतण्याचा अधिकार मैदानावर मिळविला. पाळीच्या आमच्या चाहत्याला याचे नवल वाटले नसेल. राष्ट्रीय लीगच्या पहिल्या काही वर्षांतही हा संघ असाच एकदा घसरला होता आणि त्यातून वर येऊनच पुढे विजेता झाला होता. घसरणे म्हणजे मरण नव्हे, ही गोष्ट या संघाने स्वतःच्या अंगावर सिद्ध केलेली होती. पांडवांनाही वनवास चुकला नाही. परंतु त्या वनवासाला मुदत होती, आणि मुदत संपल्यावर परत येण्याची वाट होती.

येथेच आमच्या या लेखाचा खरा मुद्दा येतो. २०१६ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा पुढे मांडला. २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग ही वरची स्पर्धा ठरणार होती आणि आय-लीग तिच्या खाली जाणार होती. वरच्या स्पर्धेत प्रवेश पैसे भरून मिळणार होता. खालून खेळून तेथे पोहोचण्याची सोय नव्हती आणि वरून कोणी खाली उतरणार नव्हता. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिन्ही गोमंतकीय संघांनी त्याच वर्षी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोने नुकतीच मिळविलेली बढती खेळाविनाच गेली. ज्या मुलांनी ती जिंकली, त्यांना तिचे फळ चाखावयास मिळाले नाही.

म्हणून आम्ही चौथे बक्षीस जाहीर करतो, आणि ते कोणालाच देत नाही. ते आहे शिडी काढून घेणाऱ्याचे. महासंघाची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे. आय-लीगच्या सामन्यांना अनेक ठिकाणी बाके रिकामी होती, जाहिरातदार फिरकत नव्हते, संघ चालविणे तोट्याचे झाले होते. नव्या स्पर्धेने झगमगाट आणला आणि फातोर्ड्याला गर्दीही आणली, हे मान्य केले पाहिजे. क्लबांच्या मालकांचीही बाजू आहे. ज्या स्पर्धेची प्रतिष्ठा जाणार, तिच्यावर कोट्यवधी रुपये का खर्चावे, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. परंतु हेही विसरून चालणार नाही की, नव्या स्पर्धेतील एफसी गोवा या संघाच्या भागीदारांत श्रीनिवास धेंपो हेही होते. म्हणजे एका हाताने नवे घर बांधले जात होते आणि दुसऱ्या हाताने जुन्याला कुलूप लागत होते. तो निर्णय घेताना पाळीच्या त्या प्रेक्षकाला कोणी विचारले नाही.

या आराखड्याचा न्याय पुढे काळानेच केला. २०१५-१६ च्या दुय्यम श्रेणीत धेंपोच्या मागे उपविजेता ठरलेला संघ होता पंजाबचा मिनर्व्हा. त्याला आय-लीगमध्ये जागा मिळाली, आणि २०१७-१८ साली तो चक्क विजेता झाला. पुढे त्याचे मालक बदलले, नाव बदलले. खालून बढतीची वाट अखेर खुली झाली तेव्हा, २०२३ साली, खेळाच्या बळावर इंडियन सुपर लीगमध्ये चढणारा पहिला संघ तोच ठरला. पाळीच्या चाहत्याने या ओळीवर क्षणभर थांबावे. ज्याला आपण मागे टाकले होते, तो शिडी चढून माथ्यावर गेला. शिडी सात वर्षे उशिरा आली आणि ती आली तेव्हा आपण पायथ्याशीही नव्हतो.

पाळीसारख्या गावाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. २०१२ साली खाणी थांबल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि त्या पुन्हा बंद पडल्या. त्यामागे कायद्याची कारणे होती आणि डोंगर ओरबाडले गेले हेही खोटे नव्हे. परंतु ट्रकवाल्याला, गॅरेजवाल्याला, चहाच्या गाड्यावाल्याला त्या निकालाने एक धडा शिकविला. धंद्यात हरणे वेगळे आणि धंदाच उठणे वेगळे. हरलेला माणूस उद्या पुन्हा दुकान उघडतो. ज्याचे दुकानच उठले, त्याला उद्या नसतो. फुटबॉलमध्ये घसरण ही पहिल्या जातीची गोष्ट आहे. ती कडू आहे, पण न्यायाची आहे. जेथे घसरण नाही तेथे बढतीही खरी नसते, आणि जेथे दोन्ही नाहीत तेथे स्पर्धा नसते, नुसता देखावा असतो.

पाचवे आणि शेवटचे बक्षीस परतीचे. धेंपो संघ मधल्या काळात गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये खेळत राहिला. २०२३-२४ मध्ये आय-लीगच्या दुय्यम श्रेणीत उतरून त्याने बढती मिळविली आणि नऊ हंगामांच्या वनवासानंतर २०२४-२५ मध्ये तो आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होते समीर नाईक. खेळाडू म्हणून त्यांनी विजेतेपदाचे दिवस पाहिले होते. प्रशिक्षक म्हणून त्यांनी तळापासून आरंभ केला. हे बक्षीस त्यांचे आणि त्यांच्या मुलांचे. विजेतेपदापेक्षा ही बढती लहान खरी, पण ती कोणी दिलेली नाही, ती खेळून घेतलेली आहे.

आमचे मागणे थोडके आहे. राष्ट्रीय स्पर्धेपासून गोव्याच्या तालुका पातळीवरील सामन्यांपर्यंत प्रत्येक पायरीवर वर जाण्याची आणि खाली उतरण्याची वाट खुली असावी. पैशाने ती कोणास चुकविता येऊ नये. एखाद्या संघास स्पर्धेतून काढून घ्यावयाचे असेल, तर मालकांनी निदान आपल्या चाहत्यांपुढे उभे राहून कारण सांगावे. आणि भात कापून झाल्यावर पाळीच्या शेतांत दोन दगड ठेवून गोल करणाऱ्या मुलांना हे ठाऊक असावे की, त्या दोन दगडांपासून देशाच्या सर्वोच्च मैदानापर्यंत जाणारी वाट कोठेही तुटलेली नाही. ती वाट शाबूत असेल, तर घसरलेल्या संघाला बक्षिसे देण्यात कोणास लाज वाटू नये.