गावच्या सामन्याचा आवाज

अमेरिकेतील इंडियाना राज्यात हिवाळ्यातल्या शुक्रवारी रात्री शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलचा सामना मुक्रर झाला, की गावातलाच एखादा हौशी गृहस्थ ध्वनिक्षेपकापुढे बसून, घरी राहिलेल्या वृद्धांखातर, डोळ्यांचे काम जिभेकडे सोपवतो. आठ मिनिटांचे एक, अशी चार सत्रे. आणि सरंजाम म्हणाल तर खेळाडूंची नावे व क्रमांक लिहिलेला एक कागद, ज्यातील प्रत्येक उच्चाराची त्याने आधीच खातरजमा करून घेतलेली असते, कारण गुणसंख्येतली चूक श्रोता पोटात घालील, पण मुलाचे नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी त्याची आई वाण्याच्या दुकानात जाब विचारल्यावाचून राहणार नाही. शाळकरी पोराच्या हातून चेंडू निसटला, तर ‘निसटला’ एवढेच म्हणून पुढे जावे, हा त्याचा अलिखित दंडक मला तरी व्यावसायिकांच्या पांडित्याहून थोर वाटतो.

खरी कसोटी मात्र स्तब्धतेची. १९५४ च्या राज्य अंतिम सामन्यात चिमुकल्या मायलन गावच्या शाळेचा बॉबी प्लंप, संघ २६–२८ असा पिछाडीवर असताना, चेंडू हाती धरून ४ मिनिटे १३ सेकंद जवळजवळ निश्चल उभा राहिला. पुढे त्याच्याच अखेरच्या फेकीने मन्सी सेंट्रलवर ३२–३० असा विजय मिळाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु काहीही न घडणाऱ्या त्या चार मिनिटांत समालोचकाने चेंडूवरची बोटे, घड्याळ आणि प्रेक्षकांचे चेहरे यांखेरीज वर्णावे तरी काय?