दहा महिन्यांचे राज्य : ‘माझा प्रवास’मधील राणी लक्ष्मीबाई

ज्या राज्यकर्त्यांचा कारभार अल्पकाळ चालला आणि ज्यांचा शेवट दारुण झाला, त्यांच्या बाबतीत साहित्याची आणि लोकस्मृतीची एक विशिष्ट प्रवृत्ती दिसून येते. त्यांचे मरण स्मरणात राहते आणि राज्य विसरले जाते. शेवटचा प्रसंग इतका उठावदार असतो की त्याच्या आधीचे दिवस केवळ त्या प्रसंगाची पूर्वतयारी वाटू लागतात. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्याविषयीच्या मराठी लेखनात ही प्रवृत्ती कितपत आहे, आणि विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ तिला कोणत्या अर्थाने अपवाद ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही प्रवृत्ती केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडच्या इतिहासात लेडी जेन ग्रे हिचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सहावा एडवर्ड ६ जुलै १५५३ रोजी वारला. त्यानंतर सासऱ्याच्या, म्हणजे नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या, राजकारणामुळे सोळा-सतरा वर्षांच्या या विदुषी मुलीला १० जुलै रोजी राणी म्हणून जाहीर करण्यात आले. १९ जुलैला तिचे राज्य संपले आणि १२ फेब्रुवारी १५५४ रोजी तिचा शिरच्छेद झाला. पुढे तिच्यावर जे लिहिले व रंगवले गेले, त्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली, वधस्तंभाचा ठोकळा चाचपडणारी मुलगीच प्रामुख्याने दिसते. फ्रेंच चित्रकार पॉल देलारोश याने १८३३ मध्ये काढलेले चित्र हा त्याचा ठळक नमुना होय. परंतु त्या नऊ दिवसांत तिने राणी म्हणून कागदपत्रांवर सह्या केल्या, आणि पतीला राजा करण्याचा आग्रह झाला असता तो मानण्यास नकार दिला, ही गोष्ट त्या चित्रात मावत नाही. राज्य करणारी व्यक्ती तिथे बळी म्हणूनच उरते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत बळीच्या जागी वीरांगना आली. परंतु राज्यकर्तीचा लोप दोन्हीकडे सारखाच झाला.

२

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका काशीस जन्मली. तिचे जन्मवर्ष कोणी १८२८ तर कोणी १८३५ मानतात. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने ब्रह्मावर्तास तिचे बालपण गेले आणि १८४२ मध्ये झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी तिचा विवाह झाला. झालेला मुलगा काही महिन्यांतच दगावला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. पण डलहौसीने तो मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. राणीला दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन नेमून देण्यात आले.

जून १८५७ मध्ये झाशीच्या पलटणी उठल्या. ८ जून रोजी जोखनबागेत गोऱ्या स्त्री-पुरुषांची व मुलांची कत्तल झाली. शिपाई राणीकडून पैसा उकळून दिल्लीकडे निघून गेले आणि शहर वाऱ्यावर राहिले. राणीने सागरचे कमिशनर अर्स्किन यांना जूनच्या मध्यास दोन पत्रे लिहिली. नवे अधिकारी येईपर्यंत इंग्रज सरकारच्या वतीने जिल्ह्याचा बंदोबस्त राणीने पाहावा, असे अर्स्किन यांनी २ जुलैच्या उत्तरात कळवले. पुढे याच इंग्रज सरकारने तिला कत्तलीस जबाबदार असलेली बंडखोर ठरवले. म्हणजे लक्ष्मीबाईंचे राज्य ज्या कायदेशीर पायावर उभे होते, तो आरंभापासूनच संदिग्ध होता. त्या अवधीत सदाशिवराव नेवाळकर या दावेदाराने करेराचा किल्ला घेऊन स्वतःस राजा म्हणवले. त्याचा मोड करावा लागला. ओरछा संस्थानचा दिवाण नथेखान चालून आला. त्यालाही परतवावे लागले. मार्च १८५८च्या तिसऱ्या आठवड्यात सर ह्यू रोज झाशीसमोर आला. तात्या टोपे यांच्या मदतीस आलेल्या फौजेचा १ एप्रिलला बेतवेकाठी पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले आणि त्यानंतर लवकरच एका रात्री राणी किल्ल्यातून निसटली. काळपी व ग्वाल्हेर हे पुढचे टप्पे. आणि जूनच्या मध्यास, १७ किंवा १८ तारखेस, कोटा-की-सराईजवळच्या लढाईत मृत्यू.

जून १८५७ ते एप्रिल १८५८ हे सुमारे दहा महिने म्हणजे लक्ष्मीबाईंचे राज्य होय. त्यानंतरचे अडीच महिने युद्धाचे आहेत, राज्याचे नव्हेत. लोकस्मृतीने नेमके हे अडीच महिने, त्यातही शेवटचा दिवस, जवळ केला.

३

‘माझा प्रवास’चा कर्ता इतिहासकार नाही, बखरकारही नाही. कुलाबा जिल्ह्यातील (आजच्या रायगडमधील) पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक. घरात कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व तेथे दक्षिणा मिळणार, ही वार्ता ऐकून तो काकांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेस निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. या प्रवासाची हकीकत त्याने सुमारे पाव शतकानंतर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहून काढली. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये, वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. ही आवृत्ती मूळ लेखनाची यथातथ्य प्रत नव्हती. वैद्यांनी भाषेवर संस्कार केले होते आणि काही मजकूर गाळला होता. भारत इतिहास संशोधक मंडळात असलेल्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये संहिता सिद्ध केली, तेव्हाच गोडसे यांचा स्वतःचा आवाज वाचकांपर्यंत पोहोचला. अभ्यासकाने कोणती संहिता हाती घेतली आहे, हा प्रश्न म्हणूनच येथे दुय्यम नाही.

गोडसे झाशीत आले ते दक्षिणेच्या आशेने. आश्रय देणाऱ्या धन्याकडे भिक्षुक ज्या दृष्टीने पाहतो, त्या दृष्टीने त्यांनी राणीकडे पाहिले. धनी केव्हा उठतो, पूजा केव्हा करतो, दरबारात केव्हा बसतो, दान कोणाला व किती देतो, याची नोंद ठेवणे हा त्यांच्या वृत्तीचा, किंबहुना उपजीविकेचा भाग होता. या व्यावहारिक कुतूहलातून मराठीला लक्ष्मीबाईंच्या राज्याचा एक दिवस मिळाला. पहाटे मल्लखांब व घोड्यावरची रपेट, मग स्नान, पूजा, पुराणश्रवण आणि तिसऱ्या प्रहरी दरबार, असा हा क्रम आहे. दरबारात कधी पायजमा, अंगरखा व कमरेला तलवार असा पुरुषी वेष, तर कधी विधवेला साजेसे साधे पांढरे वस्त्र. दिवाण लक्ष्मणराव बांडे समोर असत. कामकाज राणी स्वतः ऐके व हुकूम देई. मंगळवारी व शुक्रवारी महालक्ष्मीच्या दर्शनास स्वारी निघे. एकदा परतताना थंडीने कुडकुडणारे भिकारी दिसले, तेव्हा त्यांना टोप्या, बंड्या व कांबळी वाटण्याचा हुकूम झाला.

वरवर पाहता हे तपशील किरकोळ वाटतील; परंतु राज्य करणे म्हणजे बहुतांशी हेच असते. गोडसे यांनी पुरुषी वेषाचे वर्णन शौर्याची खूण म्हणून केलेले नाही. धनिणीचा पोशाख जसा दिसला तसा तो सांगितला आहे आणि पुढच्याच वाक्यांत ते दागिन्यांकडे वळतात. घोड्यावरच्या तलवारधारी प्रतिमेत हाच वेष पुढे चिन्ह झाला. गोडसे यांच्याकडे तो अजून कपडाच आहे.

४

ग्रंथातील वेढ्याचा भाग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. शहरात इंग्रज शिरल्यावर राणी पठाणांसह तलवार घेऊन बाहेर पडते आणि एक वृद्ध सरदार तिला मागे वळवतो. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा प्रसंग तितकासा सांगितला जात नाही. राजवाड्यावरून राणी जळणारे शहर पाहते. रयतेवर हा प्रसंग आपल्यामुळे ओढवला, या जाणिवेने ती खचते. दारूगोळ्याने स्वतःसह वाडा उडवून देण्याचा विचार बोलून दाखवते. आत्महत्या हे पाप आहे, बाहेर पडून लढावे, असे तिला समजावले जाते. येथील शोकात्म भाव योद्ध्याच्या पराभवाचा नाही. ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांचे रक्षण करता आले नाही, ही राज्यकर्तीची व्यथा आहे. त्यानंतर येणारे लुटीचे व कत्तलीचे, गोडसे यांच्या शब्दात ‘बिजना’चे, वर्णन या व्यथेचा पुरावाच होय. घरात दडून बसलेला भिक्षुक दिवसामागून दिवस काय काय लुटले गेले ते सांगतो, आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दल विशेष हळहळतो. एका राज्याचा अंत रणांगणावर न दाखवता घराघरांत व पोथ्यांत दाखवणारा असा मजकूर त्या काळच्या मराठी गद्यात विरळाच.

काळपीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग याच सूत्राने पाहावा लागतो. धुळीने माखलेली, पठाणी वेषातली, तहानलेली राणी विहिरीपाशी येते. गोडसे पाणी काढून देऊ लागतात. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदणे तिला प्रशस्त वाटत नाही. ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. विधवेला पोटापुरते अन्न पुरे असताना धर्माच्या अभिमानाने आपण हे पत्करले आणि तरीही यश येत नाही, या आशयाचे तिचे उद्गार लेखकाने दिले आहेत. दानाचा हुकूम देणारी धनीण आणि ओंजळीने पाणी पिणारी स्त्री यांत अवघ्या काही आठवड्यांचे अंतर आहे. हे अंतर वाचकास जाणवते, कारण आधीचा दरबार त्याने पाहिलेला असतो. राज्य न दाखवता केवळ पतन दाखवले असते, तर हा प्रसंग निव्वळ करुण झाला असता.

५

तथापि ‘माझा प्रवास’ला निर्णायक पुरावा मानणे योग्य होणार नाही. लेखन पंचवीस वर्षांनंतरच्या आठवणींवर आधारलेले आहे. तिथी व घटनाक्रम यांत घोटाळे आहेत. गंगाधररावांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी आणि राणीच्या लग्नप्रसंगाची कथा लेखकाने पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. ग्वाल्हेरचा शेवटही त्याने पाहिला नाही. अर्स्किन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्याच्या दृष्टिक्षेपातच येत नाही. त्यामुळे राणी कोणाच्या नावे राज्य करीत होती, हा इतिहासाचा कूट प्रश्न त्याला पडत नाही. सरकारी कागदांत राज्याचा हक्क आहे, पण राज्य नाही. गोडसे यांच्याकडे राज्य आहे, पण हक्काची चर्चा नाही. दोन्ही प्रकारची साधने एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. पाहिलेले व ऐकलेले यांची फोड करत हा ग्रंथ वाचणे, ही विद्यार्थ्यांना द्यावयाची पहिली शिस्त होय.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात राणीवरील कत्तलीचा आरोप खोडून काढण्याचा प्रयत्न आहे. त्यामुळे तेथे युक्तिवाद प्रधान झाला. सावरकरांच्या सत्तावन्नच्या इतिहासात राणी स्वातंत्र्ययुद्धाचे प्रतीक झाली. ग्वाल्हेरच्या भा. रा. तांबे यांची गाजलेली कविता तर वाचकाला थेट समाधीपाशीच उभे करते. या प्रत्येक लेखनामागे त्या त्या काळाची खरी निकड होती. परतंत्र समाजाला समाधी हवी होती, दरबार नव्हे. परंतु स्वतंत्र देशातील अभ्यासकानेही समाधीपाशीच थांबावे, याला कारण उरत नाही.

पदव्युत्तर वर्गात ‘माझा प्रवास’ बहुधा प्रवासवर्णनाचा किंवा आत्मपर गद्याचा आरंभीचा नमुना म्हणून शिकवला जातो, आणि लक्ष्मीबाई त्यातील एक रोमहर्षक प्रकरण ठरतात. हा क्रम उलटून पाहण्यासारखा आहे. दक्षिणेसाठी निघालेला एक कर्जबाजारी ब्राह्मण मिळवलेले गमावून, गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन वरसईस परतला. त्याच्याबरोबर एक राज्यही परतले. ते दहा महिन्यांचे होते, त्याचा हक्क वादग्रस्त होता आणि त्याचा शेवट राखेत झाला. परंतु त्यात सकाळ होती, दरबार होता, थंडीत वाटलेली कांबळी होती. लक्ष्मीबाई कशा मेल्या हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्या राज्य कशा करीत होत्या हे पाहून सांगणारा मराठीत हा एकच साक्षीदार ठळकपणे उभा आहे, आणि त्याची साक्ष त्याच्या साऱ्या उणिवांसह तपासून घेणे हे मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे.