नारू, पायविहीर आणि सोलापूरचा हातपंप

धाराशिव जिल्ह्यातल्या साथरोगांचा स्वातंत्र्योत्तर इतिहास दवाखान्यांपेक्षा पाणवठ्यांवर जास्त घडला, असं माझं मत आहे. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली. १९६२ साली जिल्हा परिषद आली आणि गावपातळीवरचं आरोग्याचं काम हळूहळू तिच्याकडे गेलं. हिवतापाची मोहीम त्याआधीच, १९५३पासून, देशभर सुरू झाली होती. भिंतींवर डीडीटीचे फवारे उडाले, देशातले रुग्ण झपाट्याने घटले आणि मग डास डीडीटीला सरावले. १९७६ साली देशात हिवतापाचे ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. देवीचा निकाल मात्र लस टोचायच्या दोन टोकांच्या सुईने लावला. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५मधला.

नारू या कृमीच्या रोगावर मात्र लस नव्हती, औषधही नव्हतं. मराठवाड्यात लोक पायविहिरीत उतरून घागरी भरत. नारू बाहेर पडत असलेला पाय पाण्यात बुडाला की जखमेतून हजारो अळ्या सुटत. त्या सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलचर गिळत, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांबीचा नारू तयार होई. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला, तर पाय सुजून माणूस आठवडेच्या आठवडे खाटेवर. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की धोका वाढे. म्हणजे दुष्काळी मुलखावर हा दुसरा मार.

उपाय उघड होता: माणसाचा पाय पाण्यापासून तोडायचा. पण काळ्या कातळात विंधनविहीर घेणं सोपं नव्हतं. यंत्रं आली, १९७२च्या दुष्काळाने त्यांना जोर आला, तरी वर बसवलेले बिडाचे पंप टिकेनात. एका कुटुंबासाठी बनलेला दांडा अख्खं गाव दिवसभर हलवणार, तर दुसरं काय होणार? जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी एकाच खुंटीवर फिरणारा पोलादी पंप केला. सोलापूरकरांनी त्यात साखळीची सुधारणा केली, आणि त्यावरून युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला. धाराशिवपासून जेमतेम सत्तर किलोमीटरवरच्या सोलापुरातली ही कारागिरी पुढे आफ्रिकेपर्यंत पोचली. आरोग्याच्या पुस्तकांत तिला एखादी ओळ मिळते, तीही परिशिष्टात.

नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४मध्ये सुरू झाला, तो याच पायावर. आरोग्य कर्मचारी गावोगाव रुग्ण शोधत, जखमेला पट्टी बांधून त्याला पाणवठ्यापासून लांब ठेवत, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकत, घागरीच्या तोंडाला फडकं बांधायला शिकवत. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधले गेले. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं.

आता तरुण मंडळी बारवांतला, म्हणजे जुन्या पायविहिरींतला, गाळ उपसतात, ते योग्यच आहे. त्या बांधल्या तेव्हा स्थापत्य म्हणून अप्रतिम होत्या, हेही खरं. पण विंधनविहिरींची खोली वाढत चालली असताना ‘पुन्हा बारवेचं पाणी पिऊ’ असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी पाणी कसं काढणार ते विचारावं. रहाट लावून की पायऱ्या उतरून?